जोहारचा उच्चार

“गुरुजी, शर्ट काढा. तुमी लई साफ दिसता.”

प्रताप मला असं म्हणाला. सकाळी नऊला, त्याच्या घराच्या ओट्यासमोर, अंगणात. मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेलो होतो. खिशाला पेन. व्हिडिओ काढायचाय म्हणाला होता, तर माणसानं नीट जावं असं मला वाटलं.

त्यानं पिशवीतून एक बंडी काढली. ती फाटलेली नव्हती, फाडलेली होती. शिवणीपाशी नाही, मधोमध, ब्लेडनं. मळकी दिसावी म्हणून चहाच्या पाण्यात बुडवलेली. वास येत होता. एक आखूड धोतर. आणि एक काठी, तिला घुंगरं. धारूरच्या बाजारात बैलाच्या गळ्यासाठी मिळतात ती.

मी शर्ट काढला. पेन हातात धरून उभा राहिलो. ठेवू कुठं, विचारलं. तो हसला.

“येसकराच्या बंडीला पेन कुठं असतो, गुरुजी?”

मग चष्माही काढायला लावला. मोबाइल धरायला पुण्याहून आलेली एक मुलगी होती. मी अंगणात धोतर नेसत होतो तेव्हा ती दुसरीकडे बघू लागली. तिला लाज वाटली. मला वाटायला हवी होती.

मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. छत्तीस वर्षं जिल्ह्यातल्या शाळांमधून मराठी शिकवली, शेवटची आठ याच गावात. प्रताप तिसरीत माझ्या वर्गात होता. आता त्याला लाखो लोक बघतात. गावाकडची अस्सल माणसं दाखवतो म्हणून त्याचं नाव आहे. तो या गावच्या पाटलाचा नातू.

मी भोळेपणानं गेलो नव्हतो, हे आधी लिहून ठेवतो. मी संशयी माणूस. परीक्षेत पोराच्या मानेवरून मला कळायचं की चिठ्ठी कुठल्या बाहीत आहे. प्रतापचे व्हिडिओ मी तसेच बघायचो. त्यात चूल पेटलेली असायची, भाकरी फुगलेली असायची. त्या भाकरी आत गॅसवर भाजून आणतात, हे त्यांच्याकडे काम करणाऱ्या बाईनं माझ्या सुनेला सांगितलं होतं. कपिलधारच्या यात्रेला तो अनवाणी चालत गेल्याचा एक व्हिडिओ होता. त्यात त्याच्या तळव्यांना धूळ नव्हती. मी दोनदा थांबवून पाहिलं. तरीही त्यानं बोलावलं तेव्हा गेलो. लोभ होता. पैशाचा नाही. बापाच्या गोष्टीचा.

माझा बाप येसकर होता. येसकर म्हणजे वेशीची राखण करणारा, पाटलाचा सांगावा घरोघर पोचवणारा, आणि दिवस मावळला की दारोदार भाकर मागणारा. हे काम आमच्या जातीच्या गळ्यात पिढ्यान्‌पिढ्या बांधलेलं. पाटलासमोर जायचं तर आधी वाकायचं, म्हणायचं, जोहार मायबाप. माझ्या बापानं ते म्हटलं. त्याच्या बापानं म्हटलं.

आमच्या लोकांनी बुद्धाचा धम्म घेतला. त्याच्या पुढच्या वर्षी पाटलानं बापाला चावडीवर बोलावलं. कुठंतरी सांगावा पोचवायचा होता. मी सहा वर्षांचा, आक्का दहाची. आम्ही लांब लिंबाखाली उभे होतो. बाप चावडीपुढं गेला. वाकला नाही. काठी पायरीवर आडवी ठेवली आणि म्हणाला, “जयभीम, पाटील.”

एवढंच.

त्याला तिथंच मारलं. कोणी मारलं, त्यांची नावं मला पाठ आहेत. त्यांचे नातू आज मला नमस्कार करतात. त्यानंतर गावात आम्हाला काम बंद, विहीर बंद. बाप माजलगावला गेला आणि आडत बाजारात पोती उचलू लागला. त्या पोत्यांवर मी शिकलो.

ही गोष्ट गावात कुठंच नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर थोर माणसांची नावं रंगवलीत, त्यात माझा बाप नाही. आमच्या वस्तीतल्या नव्या पोरांनाही ती अर्धीमुर्धीच माहीत. मी ती अकरा पानं लिहून काढली होती. ती पानं प्रतापला दिली. त्यानं माझ्यासमोर वाचली. डोळे पुसले. पुसताना त्याचे डोळे ओले होते का, ते मला दिसलं नाही. मग म्हणाला, दोन भाग करू. पहिल्या भागात येसकर कसा असायचा ते दाखवू, लोक थांबतील. दुसऱ्या भागात काठी खाली ठेवली ते सांगू. मला ते पटलं. खरं म्हणजे मी ते पटवून घेतलं. बापाचं नाव जगभर जाईल, असं डोक्यात बसलं होतं.

तर त्या सकाळी प्रताप आजोबांच्या खुर्चीत ओट्यावर बसला. मी फाटकातून आत यायचं, खाली उभं राहायचं. मी आलो. काठी वाजली. मी म्हटलं, “जयभीम.”

त्यानं हात वर करून थांबवलं.

“जयभीम नको, गुरुजी. राजकारण होतं. तवा म्हणायचे ते म्हणा. अस्सल पायजे.”

मी काठी धरून तिथंच उभा राहिलो. तेव्हा निघून आलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. शर्ट ओट्याच्या कठड्यावर होता. हात लांब केला असता तर मिळाला असता.

मग तोच आठवून बोलला, “जोहर मायबाप, असंच ना?”

आणि माझ्या हातून ते झालं. छत्तीस वर्षांची खोड. पोरगं चुकीचं म्हणालं की दुरुस्त करायचं. मी बोट वर केलं, फळ्यापुढं करायचो तसं.

“जोहर न्हाई. जोहार. ह ला काना हाय. आन्‌ मायबाप खाली सोडायचं, वाकता वाकता.”

“वा! एकदा करून दाखवा की.”

मी करून दाखवलं. वाकलो. तोंडातून जो आवाज निघाला तो माझा नव्हता, बापाचा होता. इतकी वर्षं तो आत कुठं होता, मला माहीत नव्हतं. तीच किनार, तोच कापरा शेवट. ती मुलगी म्हणाली, अंगावर काटा आला. आणि मला बरं वाटलं. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय म्हणून लिहितो. त्या क्षणी मला बरं वाटलं.

चार वेळा केलं. एकदा मागून मोटारसायकल गेली, एकदा ऊन डोळ्यावर आलं. चौथ्यांदा त्यानं विचारलं, बाबा, तवाची माणसं मायेची होती ना? मी मान हलवली. हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही. त्यानं ती हो म्हणून ठेवली. ‘गुरुजी’ हा शब्द मोबाइल चालू झाला की बंद व्हायचा, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं.

व्हिडिओवर नाव होतं, ‘बालाघाटातला शेवटचा येसकर’. माझं नाव नाही. शाळा नाही. बाप नाही. खाली हजारो लोकांनी लिहिलेलं. किती गोड बाबा. अशी निर्मळ माणसं आता राहिली नाहीत. एकानं लिहिलं होतं, तेव्हा प्रत्येकजण आपली पायरी ओळखून होता म्हणून गाव सुखी होतं. त्याला लोकांनी बदाम पाठवले होते. प्रतापनंही पाठवला होता. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं ओळखलं. त्यानं लिहिलं, हे तर आमचे गुरुजी. दुसऱ्या दिवशी ती ओळ तिथं नव्हती.

मी फोन केला. दुसरा भाग कधी, विचारलं. आधी हा चालू द्या म्हणाला. आठ दिवसांनी म्हणाला, दुसऱ्या भागात वाद आहे, लोकांना वाद नको असतो. त्यानंतर फोन उचलला नाही.

आक्का माजलगावला लेकाकडे असते. नातवाच्या मोबाइलवर तिनं ते पाहिलं आणि बसनं एकटी आली. गुडघे दुखतात, तरी आली. उंबऱ्याच्या आत बसली. पाणी दिलं, ते शेजारी ठेवलं.

“बापाचा आवाज काढलास.”

मी हो म्हटलं.

“कावून?”

मी सांगितलं. दोन भाग होणार होते. दुसऱ्यात काठी ठेवायची होती. पहिल्यात लोक गोळा करायचे होते. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“बाप दुसऱ्या भागासाठी थांबला न्हवता,” ती म्हणाली.

जेवली नाही. दुपारच्या गाडीनं परत गेली. पाण्याचा तांब्या तसाच भरलेला राहिला.

एव्हाना वस्ती पेटली होती. विहारात बैठक बसली. जयंती मंडळाचा अध्यक्ष मिलिंद पुढं होता. चांगला पोरगा. शिकलेला, तडफेचा, आणि त्याचेही व्हिडिओ असतात, अन्यायावर. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, गुरुजी, तुमाला फसवलं ना? पन्नास माणसं माझ्याकडं बघत होती. त्यांच्या डोळ्यांत राग होता, तो माझ्यावर नव्हता. माझ्यासाठी होता. मी नुसतं खरं बोललो असतो तर तो राग माझ्याकडं वळला असता.

मी म्हणालो, हो. मला त्या मोबाइलमधलं काय कळतंय. म्हातारा माणूस. त्यानं काय बोलायला लावलं, मला समजलंच नाही.

शब्दाचा काना सांगणाऱ्या माणसाला शब्द समजला नाही, असं मी म्हणालो. आणि त्यांनी विश्वास ठेवला, कारण त्यांच्यातल्या निम्म्यांना मीच वाचायला शिकवलं होतं.

मिलिंदनं तिथंच व्हिडिओ काढला. मागं निळा झेंडा धरला. मला म्हणाला, चष्मा काढा गुरुजी, डोळे दिसू द्या. थोडं थांबून बोला. रडू आलं तर येऊ द्या, आवरू नका. मी चष्मा काढला. थांबून बोललो. रडू आलं. ते कशाचं होतं, ते मी सांगितलं नाही.

इथं एक गोष्ट साफ लिहितो, नाहीतर लोक सोयीचं तेवढं उचलतील. प्रताप आणि मिलिंद सारखे नाहीत. एकाला माझी कंबर वाकलेली हवी होती, दुसऱ्याला ती वाकवणाऱ्याला जाब विचारायचा होता. मिलिंदचा राग खरा होता. त्याच्या हातात मी दिलेली साक्ष खोटी होती. तो दोष त्याचा नाही.

सोमवारी ठाण्यात तक्रार द्यायची ठरलं. मिलिंदनं मजकूर तयार केला. मला धमकावून, बळजबरीनं, काही न सांगता तो शब्द म्हणायला लावला, असं त्यात होतं. खाली माझ्या सहीची जागा.

रविवारी सकाळी प्रताप माझ्या घरी आला. त्यांच्या घरातला माणूस आमच्या दारात पहिल्यांदाच. चपला बाहेर काढल्या. खाली सतरंजीवर बसला, मी खुर्ची पुढं केली तरी. सुनेला वहिनी म्हणाला. गोड बोलत होता. मी त्याचे हात बघत होतो. एका हातात मोबाइल, दुसऱ्यात तो उभा करायची काडी.

म्हणाला, चुकलं. लोक लई घाणेरडं बोलायलेत, आई आजारी पडली. मग मोबाइल माझ्यापुढं धरला.

त्या मुलीनं मोबाइल मधे बंद केलाच नव्हता. त्यात मी होतो. फाडलेली बंडी, वर केलेलं बोट. ह ला काना हाय. मी स्वतःला पाहिलं. बळजबरी झालेला माणूस असा दिसत नाही. मी खूश दिसत होतो. वर्गात शेवटच्या बाकावरचं पोरगं अचानक बरोबर वाचायला लागलं की मी दिसायचो, तसा.

“तुमी सही करू नका, गुरुजी. मी बी हे टाकणार न्हाई. तुमची इज्जत तुमच्यापाशी, माजी माज्यापाशी.”

मग म्हणाला, आत्ताच एक छोटा व्हिडिओ करू, मी तुमच्या पाया पडतो, तुमी डोक्यावर हात ठेवा, विषय मिटला. काडी त्यानं सतरंजीवर उघडायला सुरुवातही केली होती. उजेड कुठून येतोय, ते खिडकीकडं बघून तपासलं.

मी बसून होतो. भीती होती, खोटं कशाला बोलू. पेन्शनर माणूस, गावात गुरुजी म्हणून मान, वस्तीत शब्दाला किंमत, सगळं त्या मोबाइलमध्ये. आणि त्या भीतीतच मला उमगलं की हा माझ्याकडं पुन्हा तेच मागतोय. शब्द वेगळा आहे, वाकणं तेच. माझी भीती ही त्याची काठी आहे, आणि ती मीच त्याच्या हातात दिलीय. बापाला चावडीवर मार दिसत होता. तो दिसत असताना त्यानं काठी ठेवली. मला तर फक्त लाज दिसत होती.

“टाक,” मी म्हणालो.

“काय?”

“हेच. सगळं टाक, काटछाट न करता. मी उद्या लिहून देतोय, त्यात हे असणारच हाय.”

मग त्याच्या तोंडावरचं गोड उतरलं. “तुमच्याच लोकात तोंड दाखवता यायचं न्हाई तुमाला. तुमीच शिकवलं मला ते.”

“शिकवलं. चुकीचं शिकवलं. तो शब्द बरोबर म्हणायची एकच रीत हाय, प्रताप. म्हणायचाच न्हाई.”

तो उठला. चपला घालताना सुनेकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही.

मी शर्ट बदलून विहारात गेलो. वंदना झाली. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. बंडी, काठी, काना, चार वेळा, बरं वाटलं तेही. आणि बैठकीत खोटं बोललो ते. सांगून झाल्यावर मागून एकजण म्हणाला, “म्हातारा पाटलाला मिळाला बे.” असं म्हणायचा त्याला हक्क होता. तिसरीत मी त्याला उठाबशा काढायला लावायचो. आता तो बसला होता आणि मी उभा होतो.

मिलिंदचा चेहरा पांढरा पडला होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला की असं लिहिलं तर केस उभीच राहणार नाही. काना दुरुस्त केला ही एक ओळ तेवढी गाळा. बाकी सगळं खरंच आहे की.

खरंच होतं. कपडे काढायला लावले ते खरं. जयभीम म्हणू दिलं नाही ते खरं. बापाची गोष्ट सांगतो म्हणून नेलं आणि सांगितली नाही ते खरं. माझ्या दारात येऊन धमकी दिली तेही खरं. तेवढं पुरेसं आहे की नाही, ते ठरवणारे ठरवतील. पण ती ओळ गाळली तर उरलेलं सगळं त्याच्या व्हिडिओसारखं होईल. कापलेलं. मी ती ओळ गाळली नाही. स्वतःच्या अक्षरात लिहिलं, सही केली. मिलिंद ठाण्यात आला नाही. मी एकटा गेलो. त्यांनी अर्ज घेतला, पोच दिली.

त्याच आठवड्यात प्रतापनं माझं ते बोट दाखवणं टाकलं. काटछाट करूनच. ‘जयभीम नको’ हे त्याचं वाक्य त्यात नाही. ‘खरं काय ते तुम्हीच ठरवा’ असं वर लिहिलंय. आता दोन्हीकडचे लोक मला शिव्या देतात. काही शिव्या चुकीच्या आहेत. काही बरोबर आहेत.

आक्काला मी अर्जाची प्रत पाठवली. तिचं काही उत्तर आलेलं नाही. मी विचारणार नाही.

मला माफी नको. कोणी माझा सत्कार करायला येऊ नये, आणि मला बिचारा म्हणून दाखवायलाही येऊ नये. जोहार मी म्हटला. समजून म्हटला, शुद्ध म्हटला. तो माझ्या नावावर राहील. पण माझा बाप मायेच्या माणसांचा लाडका येसकर होता, हे खोटं मी माझ्या जिवंतपणी खरं होऊ देणार नाही. या गावात, या तालुक्यात जो कोणी तो व्हिडिओ खरा म्हणून दाखवील, त्याच्या दारात मी जाणार. ताठ उभा राहून जयभीम म्हणणार. हे खोटं आहे, आणि यातला एक खोटा मी आहे, असं सांगणार. मग बापानं चावडीवर काय केलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगणार, मारणाऱ्यांच्या नावांसकट.

हाकललं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणार.